पायलटच्या झोपेचं काय?

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला माणूस वरणावर तूप पडेपर्यंत दम धरतो. मग विचारतोच. "कॅप्टनसाहेब, एखादा डेंजर किस्सा सांगा ना." विमानावर वीज पडली का, इंजिन बंद पडलं का, कोणी पिस्तूल काढलं का. नोकरी संपवून अमरावतीत राहायला आल्यापासून हा प्रश्न काही सुटलेला नाही. मी सांगतो, वीज पडते. लखकन उजेड होतो, धाडकन आवाज येतो, विमानाच्या नाकावर एखादा काळा ठिपका राहतो. खाली उतरल्यावर इंजिनिअर तपासणी करतो, नोंद करतो, संपलं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला सिनेमा हवा असतो आणि मी त्याला मेंटेनन्सचं रजिस्टर दाखवतो.

खरं डेंजर काय ते सांगितलं तर कोणाला पटत नाही. पहाटेचे चार वाजलेत. बाहेर काळोख, आत सगळं सुरळीत. ऑटोपायलट बिनतक्रार काम करतोय. मागे साडेतीनशे माणसं झोपलीत. आणि पुढे बसलेल्या दोघांच्या पापण्या जड झाल्यात. इंजिन बंद पडलं तर माणूस खडबडून जागा होतो, हात आपोआप चालतात, कारण त्याचा सराव सिम्युलेटरमध्ये वर्षातून दोनदा घाम फुटेस्तोवर करून घेतलेला असतो. काहीच न घडणाऱ्या रात्रीचा सराव मात्र कुठलंच सिम्युलेटर देत नाही.

मी अकोल्याचा, जठारपेठेतला. वडील पोस्टात सॉर्टर होते. विमान हा विषय आमच्या घरात त्यांच्यामुळेच आला. 1949 च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र होतं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांनी निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगावला उतरायची. टपालाच्या थैल्या आणि चार-दोन प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. वडील ही गोष्ट अशी सांगत, की जणू त्या थैल्या त्यांनीच विमानात फेकल्या होत्या. त्यांच्या लेखी पायलट म्हणजे रात्रपाळीचा पोस्टमन. पुढे आयुष्यभर ती नोकरी केल्यावर मला वाटतं, माझ्या पेशाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

नागपूरच्या फ्लाइंग क्लबात शिकलो. त्यासाठी मूर्तिजापूरजवळची वडिलोपार्जित जमीन विकावी लागली. आधी देशांतर्गत उड्डाणं केली, मग आखातातल्या एका कंपनीत बोइंग 777 वर लांब पल्ल्याचं उडणं सुरू झालं. तिथून बँकॉक, हाँगकाँगकडे जाणाऱ्या विमानांचा रस्ता बऱ्याचदा मुंबई, औरंगाबाद, नागपूर असा असतो. रेडिओवर नागपूर कंट्रोलचा आवाज आला की मी डाव्या खिडकीला टेकायचो. कमांडरची खुर्ची डावीकडेच. पावसाळा नसला तर आधी अकोला दिसायचं, मग मूर्तिजापूरचा छोटासा पुंजका, मग बडनेरा आणि अमरावती एकाला एक जोडून. त्यांच्यापलीकडे उत्तरेला दिवे एकदम संपायचे. तो मेळघाट. अकोला मागे पडून अमरावती यायला सहा मिनिटं पुरायची. सलग पंच्याहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसांच्या आत टाकून 2022 साली गिनीज बुकात गेलेला आमचा अमरावती-अकोला रस्ता वरून दिव्यांची बारीक ओळ दिसतो. खाली एस.टी.त बसलं की तो किती लांब आहे ते कळतं, पण ते असो.

फर्स्ट ऑफिसर बिचारा डच नाहीतर ब्राझीलचा. त्याला मी दरवेळी सांगायचो, ते बघ माझं गाव. तो मान डोलवायचा. त्या वेळी त्याचं घड्याळ काय म्हणत असेल याचा मला अंदाज असायचा, कारण माझं घड्याळही तेच म्हणत असायचं.

रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात माणसाच्या शरीराचा कारभार सर्वात मंद असतो. विमान वाहतुकीच्या नियमांत या वेळेची वेगळी नोंद आहे. या चार तासांत आकडे वाचायला उशीर होतो, रेडिओवरचं वाक्य दुसऱ्यांदा मागावं लागतं, चेकलिस्टची ओळ डोळ्यांसमोर असूनही आत शिरत नाही. तेवढ्यासाठी लांबच्या विमानात चार पायलट असतात. कॉकपिटजवळ एक दार असतं, ते प्रवाशांना कपाटाचं वाटतं. त्यामागे अरुंद जिना आणि वर छताखाली दोन बंक. पडदा ओढायचा, झोपतानासुद्धा पट्टा बांधायचा, नाकातला ओलावा संपवणाऱ्या कोरड्या हवेत डोळे मिटायचे. रोस्टरवर लिहिलेलं असतं, विश्रांती सहा तास. शरीराला वाटत असतं सकाळचे अकरा वाजलेत, आता कसली झोप? मग अडीच तास डोळा लागतो. खाली उतरताना कागदावर मात्र सहाच तास धरलेले असतात.

आता वर्तमानपत्रांत या प्रवासांचं काय येतं ते बघा. 2021 च्या जानेवारीत एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने बंगळुरूला आलं. चौदा हजारांच्या आसपास किलोमीटर, सतरा तास, आणि कॉकपिटमध्ये चारही महिला: कॅप्टन झोया अग्रवाल, त्यांच्यासोबत पापागारी तन्मई, आकांक्षा सोनवरे, शिवानी मन्हास. बातमी रास्त होती, कौतुक त्याहून रास्त. ध्रुवाकडच्या रस्त्यावर बाहेरच्या थंडीने टाकीतलं इंधन गोठण्याच्या जवळ जाऊ नये म्हणून तापमानावर नजर ठेवावी लागते, जवळपास उतरायला विमानतळ मोजके, रेडिओ कुरकुरतो. हे सगळं छापून आलं. त्या सतरा तासांत कोण कधी झोपलं, त्याचं गणित कसं बसवलं, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. माझ्या मते त्या उड्डाणातली सर्वात अवघड कामगिरी तीच होती.

झोपेचं गणित चुकलं तर काय होतं हे आपल्या देशाने पाहिलेलं आहे. 22 मे 2010 ला दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. 158 माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कमांडरच्या घोरण्याचा आवाज होता. तो बराच वेळ झोपला होता आणि उतरण्याची तयारी सुरू व्हायच्या थोडाच आधी जागा झाला होता. झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला जो वेळ लागतो, त्याचा परिणाम निर्णयावर झाला असावा, असं चौकशीत नमूद झालं. सहवैमानिक पुन्हा वर चला, पुन्हा वर चला म्हणत होता. आम्ही पायलट मंडळी या अपघाताबद्दल आपसात बोलताना आवाज खाली आणतो. मेलेल्या माणसावर बोट ठेवून मोकळं होणं सोपं आहे. त्या वेळेला, त्या खुर्चीत, त्याच्यासारखी अवस्था आपली कधी झालीच नाही असं छातीठोक सांगणारा कमांडर मला अजून भेटायचाय.

ज्याला हे कळत नाही त्याला मी जागलीचं उदाहरण देतो, आणि वऱ्हाडात ते लगेच कळतं. तूर भरात आली, हरभरा घाटे धरायला लागला, की रानडुकरं आणि रोही रात्री शेतात शिरतात. मग घरचा एक माणूस माळ्यावर टिनाचा डबा आणि बॅटरी घेऊन जागलीला. पहिल्या रात्री तो तल्लख असतो. आठवड्याने त्याला डुक्कर आल्याचं कळतं तेव्हा अर्धं वावर साफ झालेलं असतं. त्यात पंपाची लाईन रात्रीची असली तर अंधारात पाणी द्यायला जायचं, पायाखाली साप. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्याची मागणी म्हणूनच सगळ्यांना पटली, सरकारलाही पटली, त्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आली. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातून चूक होणारच, हे त्याच्या बाबतीत आपण मान्य केलं. विमानाच्या बाबतीत मान्य करायला आपण का खळखळ करतो?

खळखळ करतो म्हणण्याला कारण आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा चाळिशीतला कमांडर बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. आदल्या पहाटे त्याने उड्डाणं केली होती, मधे नियमाप्रमाणे विश्रांतीही झाली होती. थकव्यानेच गेला असं कोणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण त्या मृत्यूनंतर पायलटांच्या रोस्टरवर उघड बोलणं सुरू झालं. जानेवारी 2024 मध्ये विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांची 48 तास केली. नियमातली रात्र बारा ते पाच होती, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या पाळीत सहा वेळा उतरायची मुभा होती, ती दोनवर आली. नियम जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर 2025 च्या जुलैत काही आणि नोव्हेंबरात उरलेले असे ते अमलात आले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग, रडणारी लेकरं, लग्नाचे मुहूर्त चुकलेले, परीक्षा हुकलेल्या. नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट कंपनीने वेळेत उभे केले नव्हते. नियम दीड-दोन वर्षांपासून समोर होता. तरी टीव्हीवर आणि माझ्या कॉलनीच्या ग्रुपवर पहिला राग निघाला तो पायलटांवर आणि नियमावर. "एवढा पगार घेतात आणि झोपा काढायच्यात." डीजीसीएने त्या कंपनीला फेब्रुवारीपर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट दिली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला त्या सुटकेचीच भीती वाटली. ज्याच्या हातात आपला जीव, त्याची झोप कमी केली म्हणून आनंद मानणारा प्रवासी मी दुसऱ्या कुठल्या वाहनात पाहिलेला नाही. खासगी बसचा ड्रायव्हर डुलकी घेताना दिसला तर समृद्धी महामार्गावर हीच माणसं त्याला चहा पाजून थांबवतात.

प्रवाशाचा संताप कसा असतो ते मी समोरासमोर पाहिलंय. अमेरिकेहून परत येत होतो, बारा तास उलटून गेले होते, खाली काळा समुद्र संपत आला होता. चौतिसाव्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या छातीत दुखायला लागलं. विमानात एक डॉक्टर निघाली, तिने पाचच मिनिटांत सांगितलं, याला जमिनीवर न्या. बाकूला उतरलो. ॲम्ब्युलन्स दारात उभी होती, गृहस्थ वाचले. इथपर्यंत पंगतीत सांगण्यासारखं आहे. पुढचं कोणी ऐकत नाही. इंधन भरा, त्या प्रवाशाची बॅग पोटातून शोधून काढा, नवा फ्लाइट प्लॅन, नवी परवानगी. यात तीन तास गेले. आमच्या ड्युटीची मर्यादा संपत होती. कमांडरला अडचणीच्या वेळी ती थोडी वाढवायचा अधिकार असतो. ऑपरेशन्समधून फोनवर फोन: "कॅप्टन, अडीच तासांचाच तर प्रश्न आहे." मी तिघा सहकाऱ्यांचे चेहरे पाहिले. एकाला मी इंधनाचा आकडा विचारला तर त्याने मला तापमान सांगितलं. मी नाही म्हटलं. दुसरे पायलट येईपर्यंत विमान हलणार नाही.

केबिनमध्ये जाऊन मीच सांगितलं. घोषणा करून कॉकपिटचं दार लावून घेणं मला बरं वाटलं नाही. पुढच्या रांगांतला एक टाय लावलेला माणूस माझ्या नेमप्लेटचा फोटो काढत म्हणाला, मी बघून घेतो. दुसऱ्याने विचारलं, "तुम्ही लोक बिझनेस क्लासचं जेवण जेवता, बंकमध्ये लोळता, तरी थकता?" मी उत्तरं देत मागे मागे सरकत होतो तेव्हा एअर होस्टेसने बाही धरली, एक आजीबाई आहेत, त्यांना कुठलीच भाषा कळत नाहीये. दर्यापूरकडच्या होत्या. लेकीचं बाळंतपण उरकून न्यू जर्सीहून निघालेल्या, हातात कापडी पिशवी, पायात लोकरीचे मोजे आणि स्लीपर. मी मराठीत बोलल्यावर त्यांनी आधी देवाला हात जोडले आणि मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "काऊन रे बापू, डोये लाल झाले तुहे. झोपला नाहीस का?" नाही म्हटलं. "मंग झोप ना बाप्पा. आमी काय पयून जाऊन राह्यलो?" एवढ्या मोठ्या विमानात माझ्या निर्णयाचं कारण विचारायच्या आत ओळखणारी ती एकटी बाई. टायवाल्याने तक्रार केलीच. चौकशी झाली, मला कारण लिहून द्यावं लागलं, मी चार ओळी लिहिल्या.

मी ते लिहू शकलो कारण माझ्या डोक्यावर तेव्हा कर्ज नव्हतं. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

हा कर्जाचा मुद्दा आता अमरावतीच्या दारात, बेलोरा विमानतळावर आलाय. बेलोऱ्याला आता दिवस बरे आलेत. 16 एप्रिल 2025 ला मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान तिथल्या 1850 मीटरच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावतीची प्रवासी सेवा सुरू झाली. मी बघायला गेलो होतो. विमानापेक्षा सेल्फी घेणाऱ्यांची गर्दी मोठी होती आणि गिला वड्याच्या गाडीवाल्याने चांगला गल्ला केला असणार. अकोल्याच्या शिवणीचं विमानतळ इंग्रजांच्या काळापासून आहे, पण त्याची चौदाशे मीटरची धावपट्टी वाढवायचं घोडं वर्षानुवर्षं जमिनीपाशी अडलं. माझ्या जन्मगावाबद्दल एवढंच लिहितो, नाहीतर हा लेख त्याच विषयावर जाईल.

बेलोऱ्यातली मोठी गोष्ट प्रवासी विमान नाही. तिथे एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. 2024 च्या जुलैत तशी घोषणा झाली. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तीस वर्षांसाठी जागा दिली, दोनशे कोटींहून जास्त गुंतवणूक, वर्षाला 180 वैमानिक घडवायची योजना. त्यासाठी 34 शिकाऊ विमानांची ऑर्डर दिली गेली, त्यातली 31 एका इंजिनाची पायपर आणि तीन दोन इंजिनांची डायमंड. मला याचा मनापासून आनंद आहे. आकाश मोकळं, वर्षातले बरेच महिने हवा स्वच्छ, शिकायला याहून चांगली जागा नाही. मे महिन्याची दुपार सोडून. त्या हवेत छोटं विमान असं उसळतं की पोरगा दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरेल.

ही बातमी आल्यापासून आईबाप माझ्याकडे येतात. वरूडचे संत्रावाले, तेल्हाऱ्याचे शिक्षक, वाशीमचे कापड दुकानदार. बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं का? लागतं. चष्मा चालतो का? नंबर दुरुस्त होत असेल तर चालतो. दोनशे तास उडल्यावर लायसन्स मिळतं, हे त्यांना यूट्यूबवरून माहीत असतं. मग येतो खर्च. लायसन्सचा पन्नास लाखांच्या पुढे, मग एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं टाइप रेटिंग वेगळं, राहणं-खाणं वेगळं. सगळं धरून आकडा कोटीच्या आसपास जातो. लायसन्स हातात पडल्यावर नोकरी कधी लागेल याची खात्री नसते. वर्ष, दोन वर्षं घरी बसलेली मुलं मला ठाऊक आहेत. तोवर बँकेचं व्याज थांबत नाही. वडील म्हणतात, वावर गहाण टाकू, लागलं तर विकू. मी गप्प बसतो. माझ्याही बापाने तेच केलं होतं, आणि तेव्हा खर्च आजच्यासारखा डोंगराएवढा नव्हता.

एवढं कर्ज घेऊन कॉकपिटमध्ये बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा सलग चौथ्या पहाटेच्या उड्डाणाला "मी थकलोय, आज नको" म्हणेल का? नियम त्याला तो हक्क देतो. थकव्याची तक्रार करणाऱ्याला शिक्षा करू नका आणि दर तिमाहीला तशा तक्रारींचा अहवाल द्या, असं डीजीसीएने कंपन्यांना बजावलं आहे. पण देशांतर्गत उडायचो तेव्हा एका तरुण सहवैमानिकाने मला लँडिंगनंतर, इंजिन बंद करता करता विचारलं होतं, "सर, फटीगचा रिपोर्ट टाकला तर नाव कुठल्या यादीत जातं का?" मी म्हटलं, तसं व्हायला नको. तो म्हणाला, "जायला नको, की जात नाही?" त्याच्या घरी बुलढाण्याला सोयाबीन होतं आणि बँकेचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला होता. रिपोर्ट त्याने टाकला नाही.

उड्डाणाआधी आम्हाला नळीत फुंकावं लागतं. दारूचा अंश सापडला तर घरी. हे योग्यच आहे. पण 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलंय की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची सांगड रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. जागरण चोवीस तासांवर गेलं की ती 0.10 टक्क्यांच्या बरोबरीला येते. झोप मोजणारी नळी अजून निघालेली नाही. त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगणं एवढं एकच यंत्र आपल्याकडे आहे. आणि कर्ज त्याचं तोंड बंद करतं. कंपनीचा मॅनेजर दुष्ट असायची गरजच पडत नाही.

आणि पल्ले काही कमी होणार नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी उड्डाणं वळसा घालून जायला लागली, काहींना व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरून इंधन घ्यावं लागलं. नकाशावर एक दार बंद झालं की दोन तास वाढतात आणि ते दोन तास कोणाच्या तरी पापण्यांवर पडतात. बेलोऱ्यात शिकलेली मुलं दहा-पंधरा वर्षांनी हीच उड्डाणं करणार.

म्हणून माझं म्हणणं आहे की बेलोऱ्याच्या संस्थेत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतल्या मुलांसाठी राज्य सरकारने काही जागांचा खर्च उचलावा. जागा सरकारी कंपनीने दिली आहे, तेव्हा एवढं मागायचा हक्क आहे. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मागासवर्गातल्या मुलांना वैमानिक करायची योजना आखली, म्हणजे वाट अगदीच नवी नाही. पूर्ण फुकट नको म्हणत असाल तर नोकरी लागल्यावरच फेड सुरू होईल असं बिनव्याजी कर्ज द्या. गरिबाच्या पोराला संधी, एवढ्यापुरतं मी हे मागत नाही, जरी ते कारण पुरेसं आहे. ज्याच्या घरचं वावर गहाण नाही असा पायलट मला पुढे बसलेला हवा आहे, मागे मी आणि माझी नातवंडं बसलेली असताना.

प्रवेशाच्या वेळी आईबापांची एक बैठक घ्या, असंही मी सुचवीन. त्यात विमानाचे व्हिडिओ दाखवू नका. एक खरं रोस्टर पडद्यावर टाका, महिन्याचं. रात्री कुठली, सुट्ट्या कुठल्या, दिवाळी कुठल्या शहराच्या हॉटेलात. मुलगा घरी आल्यावर दुपारी बारापर्यंत झोपला तर त्याला उठवायचं नाही, शेजारच्यांनी काही म्हटलं तरी नाही, हे आईला तिथेच सांगून टाका. असं कोणी बोलावलं तर मी बेलोऱ्याला येईन, मानधन नको. बैठक फक्त सकाळी दहानंतर ठेवा.